‘कुठेही चालतं’, पण ते चालवतं कोण?

संगणकाच्या भाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत एक वाक्य हमखास भेटतं : ‘ही भाषा कुठल्याही संगणकावर चालते.’ विंडोज असो, लिनक्स असो की मॅक, प्रोग्रॅम एकदा लिहायचा आणि खुशाल कुठेही चालवायचा. वाक्य खोटं नाही. पण त्यातला ‘कुठल्याही’ हा शब्द फुकटात मिळालेला नाही. तो खरा ठरावा म्हणून कुणीतरी कुठेतरी रोज काहीतरी दुरुस्त करत असतं. या कामाला प्रसिद्धी नसते आणि ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आज त्या कामाविषयी बोलायचं आहे. उदाहरणासाठी मी एकच भाषा घेतो, पायथन. गेली बरीच वर्षं मी ती वापरतो आहे आणि तिच्या देखभालीचे निर्णय जाहीरपणे लिहून ठेवलेले असतात, त्यामुळे ते कुणालाही तपासता येतात.

पायथन ही भाषा गिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत तयार केली. कामाला सुरुवात झाली १९८९च्या नाताळच्या सुटीत आणि पहिली आवृत्ती लोकांच्या हाती आली फेब्रुवारी १९९१मध्ये. आज शाळेतल्या मुलांपासून खगोलशास्त्रज्ञांपर्यंत सगळे ती वापरतात. तिच्या लोकप्रियतेचं एक कारण म्हणजे तिच्याबरोबर येणारं सामान. खेळणं विकत घेतलं आणि आत सेल घातलेले असले की मूल लगेच खेळायला लागतं. पायथनचं तसंच आहे. फाइल उघडणं, तारीख काढणं, गणित करणं, इंटरनेटवरून मजकूर आणणं अशा शेकडो कामांची तयार साधनं भाषेबरोबरच मिळतात. या सामानाला म्हणतात ‘स्टँडर्ड लायब्ररी’.

या सामानाचे दोन भाग पडतात. एक भाग निव्वळ हिशेबाचा. दोन आणि दोन चार हे सगळ्या यंत्रांवर चारच असतं, तिथे फारशी अडचण येत नाही. दुसरा भाग यंत्राशी बोलणारा. फाइल कुठे आहे, किती वाजले, पडद्यावर काय दाखवायचं, हे प्रोग्रॅमला स्वतःला ठाऊक नसतं. ते ऑपरेटिंग सिस्टिमला विचारावं लागतं आणि प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची बोलायची रीत वेगळी असते. लग्नाच्या स्वयंपाकाला आलेला आचारी सगळीकडे तीच जिलबी करतो. पण एका घरी गॅस असतो, दुसऱ्या घरी चूल पेटवावी लागते, तिसऱ्या घरी पाणी आडावरून आणायचं असतं. आचाऱ्याला त्याची झळ लागू नये म्हणून त्याचा मदतनीस आधी जाऊन सगळी मांडामांड करून ठेवतो. स्टँडर्ड लायब्ररीचा हा दुसरा भाग म्हणजे तो मदतनीस. त्याला प्रत्येक घर माहीत असावं लागतं.

अगदी साधं उदाहरण घेऊ. फाइलचा पत्ता. एका फोल्डरात दुसरं फोल्डर, त्यात फाइल, असा पत्ता लिहायचा तर दोन नावांच्या मध्ये काहीतरी खूण हवी. लिनक्समध्ये ही खूण म्हणजे उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ. विंडोजमध्ये रेघ तिरकीच, पण डावीकडे झुकलेली. आणि ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशवर, म्हणजे मॅक ओएस ९पर्यंत, रेघच नव्हती, चक्क अपूर्णविराम होता. पायथनने यावर तोडगा काढला. प्रत्येक पद्धतीसाठी वेगळा छोटा विभाग लिहिला आणि प्रोग्रॅमरला त्या सगळ्यांसाठी एकच नाव दिलं. विंडोजवर ते नाव घेतलं की विंडोजचा विभाग कामाला लागतो, लिनक्सवर लिनक्सचा. प्रोग्रॅमरला आत काय घडलं हे कळतही नाही.

आता या विभागांचं पुढे काय होतं ते पाहा. मॅक ओएस ९ला पायथनने दिलेला आधार २००४ साली, २.४ या आवृत्तीत संपला. यंत्रं अडगळीत गेली. पण अपूर्णविरामाच्या पत्त्यांचा तो छोटा विभाग सामानात तसाच राहिला आणि निघाला तो २०१९ साली, ३.८ या आवृत्तीत. म्हणजे ज्या घरी स्वयंपाकाला जायचं नाही, तिथली किल्ली मदतनिसाने पंधरा वर्षं कंबरेला बाळगली. यात कुणाचा आळस नाही. काढायला जरा भीती वाटते, ठेवायला फारसं काही लागत नाही, आणि अशी अडगळ प्रत्येक घरात साचते.

पत्त्याची खूण वेगळी असली तर चूक निदान लगेच दिसते. फाइल सापडत नाही, काम थांबतं. एकाच नावाचा अर्थ दोन ठिकाणी दोन निघाला, तर मात्र चूक दिसतच नाही. पायथनमध्ये पूर्वी ‘क्लॉक’ नावाची एक सोय होती. लिनक्सवर ती सांगायची की प्रोसेसरने तुमच्या प्रोग्रॅमसाठी प्रत्यक्ष किती वेळ खर्च केला. विंडोजवर तीच सोय सांगायची की भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे किती वेळ गेला. समजा प्रोग्रॅम दहा सेकंद नुसता वाट पाहत बसला. लिनक्सवर उत्तर जवळजवळ शून्य, विंडोजवर दहा. दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर, पण एका यंत्रावर घेतलेली मोजमापं दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहणारा माणूस फसलाच म्हणून समजा. २०१२ साली, ३.३ या आवृत्तीत, त्याऐवजी वेगवेगळ्या अर्थांची वेगवेगळी नावं दिली गेली : एक प्रोसेसरच्या वेळेसाठी, एक नेमक्या मोजणीसाठी, एक कधीही मागे न सरकणाऱ्या घड्याळासाठी. जुनं नाव वापरू नका, असं तेव्हाच जाहीर झालं. ते प्रत्यक्ष काढलं २०१९मध्ये. सात वर्षं सूचना देऊनही ते काढल्यावर अनेक जुने प्रोग्रॅम मोडलेच.

तिसरं उदाहरण थेट आपल्या मराठीचं आहे. पायथनमध्ये एखादी मजकुराची फाइल उघडताना ‘यातली अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत’ हे सांगता येतं. बरेच जण सांगत नाहीत. मग पायथन त्या यंत्राची जी ठरलेली पद्धत असेल ती वापरतं. लिनक्सवर आणि मॅकवर ती साधारणपणे युटीएफ-८ असते, तिच्यात जगातल्या सगळ्या लिप्या मावतात. विंडोजवर मात्र अनेक वर्षं जुनी, देशोदेशींची पद्धत धरली जायची. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर ती पश्चिम युरोपच्या अक्षरांची असते, कारण देवनागरीसाठी विंडोजने तसली जुनी पद्धत कधी केलीच नाही. देवनागरी तिथे आली ती थेट युनिकोडमधून.

परिणाम मजेदार आहे. लिनक्सवर ‘मराठी’ एवढा एकच शब्द लिहून ठेवलेली फाइल विंडोजवर तशीच उघडली, तर पश्चिम युरोपातली अगम्य चिन्हं दिसतात, पण प्रोग्रॅम तक्रार करत नाही. तीच फाइल ‘नमस्कार’ शब्दाची असली तर प्रोग्रॅम चूक दाखवून थांबतो. का? तर ‘स्का’ या जोडाक्षरात हलन्ताची खूण दडलेली असते. युटीएफ-८मध्ये ही खूण तीन आकड्यांनी साठवली जाते आणि त्यातला शेवटचा आकडा पश्चिम युरोपच्या तक्त्यात रिकामा आहे. ऱ्हस्व उकाराचंही तसंच होतं. म्हणजे जोडाक्षर आलं की अडायचं, नाही आलं की मुकाट्याने कचरा दाखवायचा. ज्याला हे माहीत नाही तो प्रोग्रॅमर दिवसभर डोकं खाजवत बसेल. ३.१५ या आवृत्तीपासून सगळ्या यंत्रांवर युटीएफ-८ हीच ठरलेली पद्धत धरायची, असा निर्णय पायथनच्या मंडळींनी घेतला. तोवर फाइल उघडताना पद्धत स्वतः सांगावी, हा शहाणपणा. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला तो सांगतो.

इथवरची उदाहरणं ऐकून वाटेल की हे नुसतं भाषांतराचं काम आहे. इकडची खूण तिकडे बसवायची, एवढंच. तसं नाही. कधीकधी यंत्राच्या एका बारीक फरकामुळे तत्त्वाचा प्रश्न उभा राहतो. २०१६ साली असं घडलं.

संगणकाला गुप्त किल्ल्या तयार करायच्या असतात तेव्हा कुणालाही ओळखता न येणारे यादृच्छिक आकडे लागतात. हे आकडे ऑपरेटिंग सिस्टिम यंत्रातल्या बारीकसारीक अनियमित घटनांवरून गोळा करते. पण यंत्र नुकतंच सुरू झालेलं असताना तिच्याकडे पुरेशी जमा नसते. ऑक्टोबर २०१४मध्ये लिनक्सच्या गाभ्यात एक नवी सोय आली. जमा पुरेशी होईपर्यंत आकडे द्यायचेच नाहीत, मागणाऱ्याला थांबवून ठेवायचं. पायथनच्या ३.५ या आवृत्तीने २०१५मध्ये ही सोय वापरायला सुरुवात केली. सुरक्षेच्या दृष्टीने उत्तमच.

पुढच्या वर्षी डेबियन या लिनक्सवर असं लक्षात आलं की काही यंत्रं सुरू होताना दीड मिनिट नुसती अडकून बसतात. शोध घेतल्यावर कळलं की यंत्र उठण्याच्या अगदी सुरुवातीला पायथनचा एक छोटा प्रोग्रॅम चालतो. पायथन सुरू होताना स्वतःच्या अंतर्गत कामासाठी थोडे यादृच्छिक आकडे मागतं. आकडे अजून जमलेले नसतात, म्हणून ते थांबतं. यंत्राचं उठणं त्या प्रोग्रॅमसाठी थांबलेलं, आणि यंत्र पुरतं उठत नाही म्हणून आकडे जमा व्हायलाही वेळ लागतो.

आता दुरुस्ती काय करायची? एक बाजू म्हणाली, थांबू नका, असतील ते आकडे द्या. यंत्र अडकणं परवडणार नाही. दुसरी बाजू म्हणाली, कच्च्या आकड्यांनी बनवलेली किल्ली चोराला ओळखता येईल आणि ती कच्ची आहे हे कुणाला कधी कळणारही नाही. त्यापेक्षा थांबलेलं बरं. दोन्ही बाजूंचे लोक जाणकार होते, दोन वेगवेगळे लेखी प्रस्ताव आले आणि वाद बराच तापला. शेवटी व्हिक्टर स्टिनर यांचा प्रस्ताव मान्य झाला. पायथन स्वतः सुरू होताना थांबणार नाही, कारण तिथे गुप्त किल्लीचा प्रश्न नाही. पण प्रोग्रॅमने किल्लीसाठी आकडे मागितले तर लिनक्सवर थांबून पक्केच आकडे दिले जातील. डिसेंबर २०१६च्या ३.६ या आवृत्तीत हे आलं. सामान्य वापरणाऱ्याला यातलं काही दिसलं नाही. पण त्याच्या गुप्त किल्लीचा भरवसा या वादावर अवलंबून होता.

असे निर्णय घ्यायला ते यंत्र हाताशी लागतं आणि त्याच्या स्वभावाची जाण असलेला माणूस लागतो. लिनक्ससाठी अशी माणसं भरपूर आहेत. पण ज्या यंत्राचा जाणकारच उरलेला नाही, त्याच्यासाठी लिहिलेल्या ओळींचं काय करायचं?

पायथनच्या सामानात कधीकाळी अशा ओळी पुष्कळ होत्या. एमएस-डॉससाठी होत्या, आयबीएमच्या ओएस/२साठी होत्या, बीओएससाठी होत्या. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची आयरिक्स नावाची प्रणाली होती. तिच्या आवाजासाठी, चित्रांसाठी, सीडी वाजवण्यासाठी वेगवेगळे विभाग होते. कुणाला वाटेल, राहू द्या की पडून, जागा कितीशी लागते? पण प्रश्न जागेचा नाही. आजूबाजूचा कोड बदलला की या ओळीही बदलाव्या लागतात. बदलल्या तर त्या बरोबर चालतात का, हे पाहायला यंत्र नाही. नव्याने आलेला माणूस त्या वाचण्यात दिवस घालवतो आणि हात लावायला घाबरतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कागदोपत्री आपण म्हणत राहतो की अमुक यंत्रावर आमची भाषा चालते. प्रत्यक्षात ती चालते की नाही, हे कुणालाच माहीत नसतं.

२००२च्या जुलैमध्ये मार्टिन फॉन ल्योविस यांनी यावर एक लेखी नियम मांडला. पायथनच्या जगात अशा लेखी प्रस्तावांना क्रमांक असतात, हा अकरावा. आपल्याला तो चटकन समजावा, कारण आपल्या वर्तमानपत्रांत त्याचं रूप रोज दिसतं. जागेचा व्यवहार करण्याआधी आपण ‘जाहीर नोटीस’ देतो ना? ‘कुणाची हरकत असल्यास इतक्या दिवसांत कळवावं, अन्यथा हरकत नाही असं समजण्यात येईल.’ अगदी तसंच. एखाद्या जुन्या यंत्राचा आधार काढायचा ठरला, तर लगेच ओळी पुसायच्या नाहीत. पहिल्या आवृत्तीत फक्त एवढंच करायचं की त्या यंत्रावर पायथन बांधायला घेतलं की काम मुद्दाम थांबवायचं आणि संदेश द्यायचा : या यंत्राचा आधार काढणार आहोत, सांभाळायची तयारी असेल तर पुढे या. थांबलेलं काम पुढे नेण्याची वाटही ठेवायची. कुणी पुढे आलं तर आधार राहतो. कुणीच आलं नाही तर पुढच्या आवृत्तीत ओळी काढून टाकायच्या.

या पद्धतीने ओएस/२ आणि व्हीएमएस या दोन प्रणालींना ३.३ या आवृत्तीत, म्हणजे २०१२ साली नोटीस लागली आणि ३.४मध्ये, २०१४ साली, त्यांच्या ओळी गेल्या. आयरिक्सचे ते आवाज-चित्रांचे विभाग त्याआधीच, २००८च्या ३.० आवृत्तीत निघाले होते. मला या नियमातला प्रामाणिकपणा आवडतो. ‘वापरणारे किती’ असं तो विचारत नाही, कारण ते मोजणं कठीण. तो विचारतो ‘सांभाळणारा कोण’. एकच माणूस का असेना, तो जबाबदारी घेत असेल तर यंत्र राहतं.

पण या नियमाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण तिची झळ आपल्यासारख्या देशांना जास्त बसते. विंडोजच्या बाबतीत पायथनचा नियम निराळा आहे. मायक्रोसॉफ्ट जोवर एखाद्या विंडोजला सुरक्षेच्या दुरुस्त्या देते तोवर नवं पायथन त्यावर चालेल, पुढे नाही. विंडोज एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या. त्यानंतर आलेलं ३.५ हे पायथन एक्सपीवर चाललं नाही. विंडोज ७च्या दुरुस्त्या जानेवारी २०२०मध्ये थांबल्या आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेलं ३.९ विंडोज ७वर चाललं नाही.

अमेरिकेतल्या कचेरीत याचा अर्थ, यंत्र बदला. आपल्याकडे तसा होत नाही. मी ज्या एका शाळेत सुटीच्या दिवशी शिकवायला जायचो तिथे देणगीत मिळालेले बारा संगणक होते, सगळे एक्सपीचे. मुलांना त्यांच्यावर जुनं, ३.४ हे पायथन शिकवावं लागे. पुस्तकातली नवी उदाहरणं चालत नसत आणि मार्च २०१९नंतर त्या आवृत्तीला सुरक्षेची दुरुस्तीही मिळेनाशी झाली. त्या मुलांनी काय चूक केली होती? आणि दुसरीकडे, पायथन सांभाळणाऱ्या मंडळींची तरी काय चूक? त्यातले बरेच जण हे काम मोकळ्या वेळात करतात. ज्या ऑपरेटिंग सिस्टिमची भोकं तिच्या मालकानेच बुजवणं सोडलं आहे, तिच्यावर आपली भाषा सुरक्षित आहे असं त्यांनी कुठल्या तोंडाने सांगायचं? आम्ही त्या यंत्रांवर हलकं लिनक्स घातलं आणि प्रश्न सुटला. पण असं करून देणारं कुणी प्रत्येक शाळेला मिळत नाही. म्हणून जुनी यंत्रं दान करणाऱ्यांनी, आणि घेणाऱ्यांनीही, यंत्र चालू आहे एवढंच पाहू नये. त्यावरच्या सॉफ्टवेअरला अजून कुणी वाली आहे का, हेही विचारावं.

२०२२ साली पायथनच्या मंडळींनी तो अकरावा प्रस्ताव नव्याने मांडला आणि यंत्रांच्या तीन पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर विंडोज, मॅक, नेहमीचं लिनक्स. इथे एखाद्या बदलाने काही मोडत असेल तर तो बदल आत घेतलाच जात नाही आणि जबाबदारी सगळ्यांची. दुसऱ्या पायरीवरच्या यंत्रासाठी भाषेच्या मुख्य कार्यकर्त्यांपैकी किमान दोघांनी नाव द्यायला हवं, आणि काही मोडलं तर २४ तासांत दुरुस्त करायचं किंवा तो बदल मागे घ्यायचा. तिसऱ्या पायरीसाठी निदान एकाने नाव द्यायचं. इथे दुरुस्तीला मुदत नाही आणि तिच्यासाठी नवी आवृत्ती अडवून धरली जात नाही.

नावाबरोबर यंत्रही द्यावं लागतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीसाठी अट अशी की त्या प्रकारचा एक भरवशाचा संगणक कायम चालू हवा. भाषेत कुणीही बदल केला की हा संगणक आपोआप तो उतरवून घेतो, नवं पायथन बांधतो, हजारो चाचण्या चालवतो आणि उतरला की पडला ते जाहीर करतो. त्याला ‘बिल्डबॉट’ म्हणतात.

या राखणदाराचा उपयोग किती असतो, ते आयबीएमच्या मेनफ्रेमवरून कळतं. आपण ‘पंचवीस’ म्हणतो तेव्हा आधी पाच उच्चारतो, मग वीस. इंग्रजीत आधी वीस, मग पाच. संगणकातही मोठी संख्या साठवण्याच्या अशाच दोन रीती आहेत. आपल्या घरातले संगणक आणि फोन ‘पंचवीस’वाले, लहान भाग आधी ठेवणारे. मेनफ्रेम उलट. घरच्या संगणकावर लिहिलेला कोड नकळत ‘पंचवीस’च्या रीतीवर विसंबून राहिला, तर तो घरी कधीच चुकणार नाही. मेनफ्रेमवर पंचवीसचे बावन्न होतील. तिसऱ्या पायरीवर उभा असलेला मेनफ्रेमचा बिल्डबॉट अशा चुका पकडतो. म्हणजे थोड्या लोकांच्या यंत्राला दिलेला आधार बाकीच्यांचाही कोड स्वच्छ ठेवतो. दुर्मीळ यंत्रं सरसकट काढून टाकावीत, असं म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

पायऱ्यांवरून उतरता येतं तसं चढताही येतं. वेब ब्राउझरच्या आत पायथन चालवण्याची एक रीत आहे, एमस्क्रिप्टन. ती २०२२च्या ३.११ आवृत्तीत तिसऱ्या पायरीवर आली, २०२४च्या ३.१३ आवृत्तीत यादीतून गेली आणि ऑक्टोबर २०२५च्या ३.१४ आवृत्तीत परत आली, कारण तिच्यासाठी पुन्हा नाव दिलं गेलं. अँड्रॉइड आणि आयफोन तर जगात कोट्यवधी लोकांच्या खिशात आहेत, तरी पायथनच्या अधिकृत यादीत ते आले २०२४मध्ये, आणि तेही तिसऱ्या पायरीवर. आधी नियमाप्रमाणे नाव आणि यंत्र द्यायला कुणीतरी यावं लागलं. त्याच ३.१३ आवृत्तीत सामानातले १९ जुने विभागही काढले गेले. त्यांत काही केवळ एकाच प्रकारच्या यंत्रावर चालणारे होते. नोटीस दोन वर्षं आधीच लागली होती.

एखाद्या सॉफ्टवेअरच्या वेष्टनावर ‘सर्वत्र चालते’ असं वाचलं की मी आता एकच प्रश्न विचारतो : ही जबाबदारी कुणाच्या नावावर आहे? शाळा, ग्रामपंचायत, पतपेढी, दवाखाना, सगळीकडे आपण संगणक घेतो तेव्हा किंमत आणि वेग विचारतो. विकणाऱ्याला हा एक प्रश्न जास्तीचा विचारायला काही हरकत नाही. नाव सांगता येत असेल तर भरवसा ठेवावा. ‘चालतं हो, काळजी नको’ एवढंच उत्तर आलं, तर समजावं की चालेल तोवर चालेल.

पायथनच्या त्या अकराव्या प्रस्तावात आणखी एक यादी आहे, आधार काढून घेतलेल्या यंत्रांची. प्रत्येकासमोर त्याचं नाव, कोणत्या आवृत्तीत आधार थांबला आणि कोणत्या आवृत्तीत ओळी निघाल्या, एवढं लिहिलेलं असतं. आपल्या यंत्राचं नाव तिथे सापडलं तर वाईट वाटतं खरं. पण निदान आपल्याला ते कळतं आणि पुढची सोय बघायला वेळ मिळतो.